परातीतले चार हात

तनुजा बिराजदार आठवडाभर शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी नाटक करायची. लातुरात रविवारी नाटक करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यातल्या निम्म्या लग्न झालं की थांबतात, उरलेल्या पोर झालं की. तनुजा दोन्हीला थांबली नाही, त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांत तिला सगळ्या प्रकारची कामं मिळाली. बाविसाव्या वर्षी तिनं सासूचं काम केलं, कारण सासू होणाऱ्या बाईला टायफॉइड झाला होता. तिशीत नायिका झाली. चाळिशीला टेकली तेव्हा दिग्दर्शक अंबरीश म्हणायचा, "तनुजाला नुसती उभी करा, बाकी ती बघून घेते."

ती मूळची निलंग्याकडची. शेती असलेलं घर, वडील अण्णाराव कडक, पण पोरगी शिकली पाहिजे या एका गोष्टीवर अडून बसलेले. त्यांनी तिला डी.एड.ला लातूरला ठेवलं आणि नोकरी लागल्याचं बघून दोन वर्षांत गेले. नवरा दयानंद डाळमिलवर मुनीम. नाटकाला त्याचा विरोध नव्हता आणि कौतुकही नव्हतं. रविवारचा स्वयंपाक झालेला असला म्हणजे त्याचं काही म्हणणं नसे. मुलगी मुग्धा अकरावीला, म्हणजे खरं तर कॉलेजात नव्हेच, सकाळपासून क्लासमध्ये.

अंबरीश दुसऱ्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. 'ओसरी' नावाची त्याची नाट्यसंस्था होती. संस्था म्हणजे तो, तनुजा, मनस्विनी नावाची कॉलेजातली हुशार मुलगी, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी उगवणारे चार-पाच जण. पण अंबरीश इंटरनेटवर कुठं कुठं अर्ज टाकत बसायचा, आणि एक दिवस त्यातला एक लागला. युरोपातल्या एका संस्थेनं काठमांडूला शिबिर ठेवलं होतं. ज्या देशांचं आपसात पटत नाही, तिथल्या नाटकवाल्यांना जोड्या लावून नाटक करायला सांगायचं, असं ते शिबिर. भारत-पाकिस्तानवाल्यांना एकमेकांकडं जाता येत नाही म्हणून नेपाळ. अंबरीशनं आपल्याबरोबर तनुजाचं नाव दिलं.

"पाकिस्तानी येणार?" दयानंदनं ताटावरच विचारलं.

"नाटकवाले आहेत."

"मी कुठं काय म्हणालो," दयानंद म्हणाला आणि वरण वाढून घेतलं.

काठमांडूत सगळे इंग्रजी बोलत होते. सायप्रस नावाच्या बेटाच्या दोन अर्ध्यांतून दोन बायका आल्या होत्या, त्या कॉफी कुणाची यावर रोज भांडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत. आर्मेनियाचा एक आणि अझरबैजानचा एक असे दोघे जण पहिले दोन दिवस एका खोलीत बसून भिंतीकडं बघत होते. तनुजाला इंग्रजी कळायचं, पण तोंडातून फुटायचं नाही. चहाच्या वेळी कुणीतरी तिच्यापुढं बिस्किटांची बशी धरली तेव्हा घाईत ती म्हणून गेली, "मेरेकू नको."

पलीकडं बसलेली सडपातळ बाई एकदम वळली. "नक्को? तुम नक्को बोलते? अरे, हमारी नानी बोलती हैं!"

ही शाइस्ता. कराचीची. तिथं एका शाळेत शिकवायची आणि नाटक करायची, म्हणजे तनुजासारखीच. वय असेल चौतीस-पस्तीस. तिच्या आजीचं माहेर निलंगा. अठ्ठेचाळीस साली निजामाविरुद्ध झालेल्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आजीचं कुटुंब आधी हैदराबादला आणि तिथून कराचीला गेलं, तेव्हा आजी दहा-अकरा वर्षांची होती. कराचीत हैदराबादकडून गेलेल्यांची मोहल्ल्याएवढी वस्ती आहे, तिथं म्हातारी माणसं अजून दखनी बोलतात. का गेले, कसे गेले, हे आजी कधी सांगत नाही, शाइस्ता म्हणाली. फक्त भाकरीचं सांगते.

शिबिर संपताना प्रत्येक जोडीनं नाटकाचा विषय सांगायचा होता. अंबरीश आणि कराचीचा दिग्दर्शक रात्रंदिवस फाळणी, इतिहास, स्मृती असलं बोलत होते. शेवटी तनुजाच म्हणाली, "आम्ही दोघी भाकरी करतो."

सगळे हसले. पण झालं तेच.

नाटकाचं नाव ठेवलं 'परात'. लातुरात एक रंगमंच, कराचीत एक. दोन्हीकडं मागं मोठा पडदा. दोन्ही बायकांच्या डोक्यावर कॅमेरा टांगलेला, तो फक्त परात दाखवणार. संगणकावर दोन्ही चित्रं एकावर एक चढवली की पडद्यावर एकच परात दिसायची आणि तिच्यात चार हात. दोन लातूरचे, दोन कराचीचे. हात पीठ मळणार, थापणार, आणि बायका बोलणार. पोरांविषयी, गुडघ्यांविषयी, कुणी मेलं त्याविषयी. इतिहासाचं एक अक्षर नाही. अंबरीशला ते आधी पटलं नव्हतं, पण पडद्यावर पहिल्यांदा चार हात दिसले तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

अडचण एकच होती. कराचीहून आवाज जरा मागून यायचा. तनुजाची थाप पडून गेल्यावर शाइस्ताची थाप ऐकू यायची, दोघींचा ताल जमायचा नाही. तंत्रवाल्या पोरांनी पुष्कळ खटपट केली. मग तनुजा आणि शाइस्तानं ठरवलं की जमवायचंच नाही. एकीनं थापायचं, थांबायचं, दुसरीची ऐकायची, मग परत. त्या थांबण्यात नाटक आपोआप तयार व्हायला लागलं. बोलता बोलता एकमेकींची वाट बघणाऱ्या दोन बायका.

दिवाळीच्या सुट्टीत तनुजा गावी गेली तेव्हा तिनं शाइस्ताला व्हिडिओ कॉल लावला. शाइस्तानं फोन आजीच्या हातात दिला. पडद्यावर पांढरी ओढणी, बारीक झालेला चेहरा, पण डोळे लख्ख. इकडं तनुजाची आई लक्ष्मीबाई चुलीपुढं. तनुजानं आईला सांगितलं होतं, निलंग्याची एक म्हातारी हाय, लांब राहती, तुझी भाकर बघायची म्हणती.

लक्ष्मीबाईनं कौतुकानं भाकरी थापायला घेतली. कडेला चीर गेली.

"विरी गई," फोनमधून म्हातारी म्हणाली. "आटे की विरी गई बोलते उसकू. पुराना आटा है तुम्हारा."

लक्ष्मीबाईचा हात थांबला. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी तुटते. बायामाणसांचा शब्द. पुस्तकात नसतो, शहरातल्या पोरींना माहीत नसतो.

"अगं बया! हिला विरी म्हाईत हाय!" ती लेकीकडं बघून म्हणाली. मग फोनकडं वाकून मोठ्यानं, म्हातारी जणू वेशीपलीकडं उभी आहे तशी ओरडून, "दळण आठ दिसाचं हाय, नानी! गिरणी बंद हाय आमच्याकडची!"

"गरम पानी डालो. हमारी अम्मा डालती थी."

"हाव, आधण घालूनच करायली की मी!"

अर्धा तास त्या बोलत होत्या. एक मराठीत, एक दखनीत. पीठ, मेथीची भाजी, निलंग्याच्या बाजारात कुठल्या गल्लीत कोण बसायचं. म्हातारीनं सांगितलेल्या गल्लीचं नाव लक्ष्मीबाईला ओळखू आलं नाही, पण ती हाव हाव करत राहिली. फोन ठेवताना म्हातारी म्हणाली, सिंधमध्येही ज्वारी होते, पण त्या भाकरीला आपल्याकडची गोडी नाही. नंतर किती तरी दिवस लक्ष्मीबाई विचारायची, "ती म्हातारी कशी हाय गं?" आणि तनुजा विचारून सांगायची.

जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक लोकांपुढं चाचणी प्रयोग झाला. कराचीतही तेवढेच लोक बसले होते. संपल्यावर बायका उठून थेट पडद्यापाशी गेल्या. एक पंचफुलाबाई म्हणून अंगणवाडीतल्या मदतनीस आल्या होत्या, त्या शाइस्ताला विचारत होत्या, तुमच्याकडं सरपण मिळतं का गॅस हाय. शाइस्ता सांगत होती की गॅस आहे पण येतो कुठं. पंचफुलाबाई म्हणाल्या, आमचंबी तसंच. तनुजा पिठाचे हात घेऊन बाजूला उभी होती. तिला त्या घटकेला वाटलं होतं, की आपलं एवढ्या वर्षांचं रविवार रविवार खपणं कुठंतरी जाऊन पोचलं.

मोठा प्रयोग मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ठरला. हॉल ठरला, पोस्टर छापलं. पोस्टरवर दोघींचे चेहरे आणि मध्ये परात.

एप्रिलच्या शेवटी पहलगामला पर्यटकांना मारलं.

पहिले दोन दिवस कुणी नाटकाचं नावही काढलं नाही. तनुजाही टीव्हीपुढं बसून रडली. सगळ्या घराघरांत रडत होते तशीच. शाइस्ता तनुजाला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. तिचा मेसेज आला, "बाजी, क्या कहूँ." तनुजानं उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी नुसतं "हां" पाठवलं. तिसऱ्या दिवशी हॉलवाल्यांनी कळवलं की तारीख देता येत नाही. अंबरीश म्हणाला, पुढं ढकलू. कुणाला काय बोलायचं होतं त्यावर.

मे उजाडला आणि लढाईच सुरू झाली. एका संध्याकाळी टीव्हीवाले ओरडायला लागले, की कराचीचं बंदर पेटलं. गल्लीत फटाके वाजले. दयानंद मिलवरून आला तो पेढे घेऊनच. मुग्धानं एक खाल्ला. तनुजा न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि फोन लावला. लागला नाही. सकाळी शाइस्ताचा आवाज आला, व्हॉट्सॲपवर, झोप न झालेला.

"बाजी, हम ठीक हैं. बंदर भी वहीं है, समंदर भी. आपके टीवी पर जला होगा. नानीमाँ पूछ रही हैं, निलंगे पे तो कुछ नहीं गिरा?"

काही दिवसांनी लढाई थांबली. तनुजाला वाटलं, आता निवळेल. पण माणसांच्या हातात राग उरला होता आणि खर्च करायला जागा नव्हती. कुणीतरी अंबरीशच्या फेसबुकवरून ते पोस्टर काढलं आणि खाली ओळ घातली, 'लातूरची मास्तरीण, कराचीची मैत्रीण.' दुपारपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर पोचलं, संध्याकाळी क्लासच्या पोरांच्या.

मुग्धा घरी आली ती चप्पल न काढताच उभी राहिली. "आई, क्लासमधल्या सगळ्यांनी बघितलंय. मला मागच्या बाकावर बसवलं नाही कुणी, पण माझ्या शेजारी कुणी बसलंच नाही."

तनुजा तिच्याजवळ गेली. मुलगी मागं सरकली.

शाळा ज्या संस्थेची होती, तिचे सचिव माधवराव म्हणजे सभ्य गृहस्थ. त्यांनी तनुजाला बोलावून चहा पाजला. "बाई, मी स्वतः नाटकवेडा माणूस. तुमचं ते फार पूर्वीचं काम, सासूचं, अजून डोळ्यांपुढं आहे. पण पालक येऊन गेले काल. चाळीस दाखले काढू म्हणतात. मी काय करू, सांगा?"

"मी काही चुकीचं केलं का, सर?"

"ते मी कुठं म्हणतोय," माधवराव म्हणाले. "एखादा व्हिडिओ करा. चार शब्द. लोकांचा राग शांत होतो हो त्यानं."

ठाण्यातून चौकशीला बोलावणं आलं. तिथं नीट विचारलं, फोन बघितला, परत दिला. त्यातून काही निघालं नाही, पण ठाण्याच्या पायऱ्या उतरताना तिचा फोटो कुणीतरी काढला होता. अंबरीशला तिनं पाच-सहा वेळा फोन लावला. तो पुण्याला मेहुण्याकडं गेला होता. त्याच संध्याकाळी 'ओसरी'चं निवेदन त्याच्या पानावर आलं: संस्था देशाबरोबर आहे, प्रयोग कायमचा रद्द केला आहे, आणि संस्थेतल्या एखाद्या कलाकाराचे वैयक्तिक संबंध असतील तर त्याच्याशी संस्थेचा काही संबंध नाही. तनुजानं ते तीनदा वाचलं. निवेदन शुद्ध मराठीत होतं, एकही चूक नव्हती.

आणि मग सटवाजी आला. तिचा धाकटा भाऊ. गावात त्याचं वजन होतं, झेडपीच्या तिकिटासाठी दोन वर्षं तो चपला झिजवत होता. बरोबर दोन माणसं होती, त्यातल्या एकाच्या हातात मोबाइलचा स्टँड.

"अक्का, तू काय करून ठिवलीस हे?" तो सोफ्यावर बसला, पण पाठ टेकवली नाही. "मला लोक तोंडावर इचारायलेत. तुझी बहीण पाकिस्तानात भाकऱ्या भाजती का म्हनून."

"सटवा, तुझ्या घरच्या चुलीपुढं आई बोलली तिच्याशी. तू बी होतास तिथं. हसलास."

"तवाचं तवा. आता टैम वेगळा हाय." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "हे लिहून आनलंय. वाचायचं न्हाई, पाठ करून बोलायचं. तुला काय अवघड हाय त्यात? दुसरं काय केलंस आजपतूर?"

तनुजानं मजकूर वाचला. आपण भोळेपणानं फसलो. त्या बाईनं गोड बोलून जाळ्यात ओढलं. निलंग्याची म्हातारी म्हणून एक खोटी बाई उभी केली आणि आपल्या भावनेला हात घातला. आपण देशाची माफी मागतो.

"म्हातारीचं काढ ह्यातलं," ती म्हणाली.

स्टँडवाला माणूस मध्ये पडला. "ताई, तेच तर महत्त्वाचं हाय. त्यानंच लोकांना कळतंय की तुम्ही फसलात. न्हाई तर तुम्ही जानून केलं असं होतंय."

तिनं दयानंदकडं बघितलं. दयानंद पंख्याकडं बघत होता. "करून टाक," तो म्हणाला. "नोकरी जाईल, तनू. मुग्धाचं पुढचं वर्ष आहे."

खिडकीपाशी खुर्ची ठेवली. तनुजानं पदर नीट केला. स्टँडवाल्यानं बोट वर केलं आणि ती बोलायला लागली. पहिली दोन वाक्यं सरळ गेली. तिसऱ्याला, म्हातारीच्या वाक्याला, तिचा आवाज आपोआप भरून आला, डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी खरं होतं, पण ज्या वाक्याला आलं ते वाक्य खोटं होतं, आणि बघणाऱ्याला त्यातलं वेगळं काही काढता येणार नव्हतं. एका दमात झालं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

"वा," स्टँडवाला म्हणाला. "लई नॅचरल."

तो व्हिडिओ दोन दिवसांत लाखावर लोकांनी बघितला. अठरा-एकोणीस वर्षांत तनुजाच्या सगळ्या नाटकांना मिळून जेवढे प्रेक्षक आले असतील, त्याच्या कितीतरी पट. खाली लोकांनी लिहिलं होतं: 'ताईंच्या डोळ्यांत सच्चाई दिसते.' 'माफ केलं.' 'आमच्या भोळ्या मराठी बायका.' शिव्याही होत्या, पण कमी. दुसऱ्या दिवशी मुग्धाच्या शेजारी एक मुलगी बसली.

दुपारी शाइस्ताचा आवाज आला. तनुजानं स्वयंपाकघराचं दार लावून ऐकला.

"बाजी, देख लिया. यहाँ भी सबने देखा. हमारे ग्रुपवाले भी बहुत कुछ कह रहे हैं, छोड़ो. नानीमाँ को नहीं दिखाया. तुम फ़िक्र मत करना." मागं बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "अपना ख़याल रखना."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तनुजाला वाटलं. शिवीला काहीतरी उत्तर देता येतं. ती उत्तर जुळवत बसली. भांडी घासली, परत बसली. संध्याकाळी दयानंदनं शांतपणे हात पुढं केला. तिनं फोन दिला. त्यानं शाइस्ताचा नंबर काढून टाकला, सगळं बोलणं पुसलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी." त्यात काही रागावणं नव्हतं. तिनंही अडवलं नाही. नंबर तिला पाठ नव्हता. आजकाल कुणाचाच कुणाला नसतो.

पण गावाकडून जो फोन आला, त्यानं ती खरी मोडली. लक्ष्मीबाईला व्हिडिओ सटवाजीनंच दाखवला होता, मोठ्या अभिमानानं.

"तनू," आई म्हणाली, "म्हंजे ती म्हातारी खोटी व्हती का गं?"

मागं सटवाजीचा आवाज येत होता, तो कुणाशी तरी ट्रॅक्टरचं बोलत होता. फोन स्पीकरवर होता.

"हाव," तनुजा म्हणाली.

मागं ट्रॅक्टरचं बोलणं चालूच होतं.

"मग तिला विरी कसं म्हाईत?"

तनुजानं विचारलं, गिरणी चालू झाली का. आईनंही मग ते परत काढलं नाही. त्यानंतर लक्ष्मीबाई फोनवर पाण्यापावसाचं विचारायची, मुग्धाच्या अभ्यासाचं विचारायची. म्हातारी कशी आहे, हे तिनं पुन्हा कधीच विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तनुजाची बदली झाली. संस्थेची एक शाखा नांदेड जिल्ह्यात उमरीला होती, तिथं. "ही शिक्षा नाही बाई, सोय आहे," माधवराव म्हणाले. "वातावरण जरा थंड होऊ द्या. वर्षभरात परत आणतो." व्हिडिओनं नोकरी वाचली, एवढं खरं. मुग्धाचे क्लास लातुरात, दयानंदची मिल लातुरात, म्हणून ती एकटीच गेली. दोन बॅगा आणि एक गादी. सोडायला दयानंद उमरीपर्यंत आला, खोलीतला नळ बघितला, दिवा बघितला, आणि दुपारच्या गाडीनं परत गेला.

घरमालकीण नीलाबाई. नवरा वारलेला, पोरगा हैदराबादेत. तिनं पहिल्याच दिवशी तनुजाकडं निरखून बघितलं. "तुम्ही त्याच ना? मोबाइलवरच्या?"

तनुजानं हातातली बॅग खाली ठेवली.

"लई चांगलं बोललात, ताई," नीलाबाई म्हणाली. "मी दोनदा बघितलं. रडायलाच आलं मला. असं कुणाच्या भोळेपनाचा फायदा घ्यावा का कुणी?" आणि ती आत जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आली. उमरीत तनुजाला जी माया मिळाली, ती सगळी त्या व्हिडिओच्या पोटी मिळाली. भाजीवाली चार मिरच्या जास्त घालायची. मुख्याध्यापक नव्या माणसांशी ओळख करून देताना म्हणायचे, ह्या आपल्या बाई, फार सोसलंय त्यांनी. तिला त्या प्रत्येकाला थांबवून काहीतरी सांगावंसं वाटायचं. पण कुठून सुरुवात करायची, आणि सांगून ऐकणार कोण?

हिवाळ्यात मनस्विनीचा मेसेज आला. 'ओसरी' नवं नाटक घेऊन स्पर्धेत उतरली होती आणि रविवारी दुपारी नांदेडला प्रयोग होता. नाटकाचं नाव 'परात'. खाली अंबरीशचं एक वाक्य: आवर्जून ये, तुझा आशीर्वाद हवा. अंबरीश तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता.

जाऊ नये असंच तिनं ठरवलं होतं. रविवारी सकाळी कपडे धुतले, वाळत घातले, आणि मग साडी बदलून स्टेशनवर गेली. उमरीहून नांदेड काही लांब नाही.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. ती मागच्या रांगेत बसली. पडदा उघडला आणि वरून टांगलेला कॅमेरा, मागचं मोठं चित्र, परात, सगळं होतं. फक्त पलीकडची बाई आता कराचीची नव्हती. ती नायिकेची बहीण होती, महापुरात वाहून गेलेली. मनस्विनी रंगमंचावर भाकरी थापत होती आणि पडद्यावरचे दुसरे दोन हातही तिचेच होते, आधी चित्रित करून ठेवलेले. त्यामुळं आवाज मागून येण्याचा प्रश्न नव्हता. चारही हातांच्या थापा एकाच वेळी पडत होत्या, घड्याळासारख्या. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं.

वाक्यं बरीचशी जुनीच होती. गुडघ्यांचं वाक्य तनुजाचं होतं, तालमीत सुचलेलं. कराचीच्या पाणीटंचाईवरचं शाइस्ताचं वाक्य मराठी होऊन मेलेल्या बहिणीच्या तोंडी गेलं होतं आणि तिथं ते जास्तच चांगलं बसलं होतं. आजूबाजूच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. तनुजाही उभी राहिली. नाही राहिली असती तर पुढचं दिसलं नसतं.

अंबरीशनं आभार मानले. ध्वनी, प्रकाश, नेपथ्य, घरची माणसं. "आणि काही मित्र, ज्यांची नावं घेता येत नाहीत," असं म्हणून तो क्षणभर थांबला. त्या थांबण्यालाही टाळ्या पडल्या.

विंगेत मनस्विनीनं वाकून तिच्या पायांना हात लावला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, हे तुमचंच आहे. मी नुसती..."

"चांगलं केलंस," तनुजा म्हणाली. तिनं मनस्विनीच्या मनगटाला लागलेलं पीठ बोटानं पुसलं. पोरीवर तिचा राग नव्हता.

अंबरीश पुढं आला. केस पिकले होते. "तू समजून घेशील, मला माहीत होतं. नाटक तर जगवायला पाहिजे ना, तनुजा? आज ना उद्या खऱ्या रूपात करू आपण."

"तिला कळवलंस का?"

"कुणाला?"

त्याला कळलं होतं. त्यानं मान खाली घातली, मग कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडं वळला. खरंच कुणी हाक मारली होती का, ते तिला ऐकू आलं नाही.

स्टेशनवर गाडी उशिरा होती. बाकावर शेजारी तेलंगणाकडचं एक कुटुंब बसलं होतं, गुरुद्वाऱ्याला येऊन परत चाललेलं. त्यातल्या बाईनं तेलुगूत काहीतरी विचारलं. तनुजाला कळलं नाही, पण तिनं पाण्याची बाटली पुढं केली. तेच हवं होतं. बाईनं पोराला पाणी पाजलं, बाटली परत दिली. तेवढंच.

जानेवारीत मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. सव्वीस जानेवारीला मुलांचं एक नाटक बसवायचं होतं, सीमेवरच्या जवानाचं. "तुमच्यासारखं जाणकार माणूस शाळेत असताना आम्ही कशाला धडपडायचं?"

"मला नाटकातलं काही कळत नाही, सर," तनुजा म्हणाली.

ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलतात. पण ती हसली नाही तेव्हा त्यांनी ते काम पीटीच्या सरांना दिलं. पीटीच्या सरांनी बरं बसवलं. पोरं मोठ्यानं बोलली, लोकांना आवडलं.

सटवाजीला तिकीट मिळालं नाही, दुसऱ्याच कुणाला गेलं. मुग्धा बारावीच्या शेवटच्या घाईत आहे आणि आईशी फोनवर भौतिकशास्त्राच्या गुणांचंच बोलते. परवा माधवरावांचा फोन आला होता. वातावरण निवळलंय, बाई, साधा एक अर्ज टाका, जूनपासून लातूरला घेतो. तनुजा हो म्हणाली. अजून तिनं अर्ज टाकलेला नाही. दयानंद विचारतो तेव्हा ती म्हणते, इथं पाणी चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, एवढं वर्ष जाऊ दे.

रविवारी ती उशिरा उठते. तिला कुठं जायचं नसतं.